एक्स-रेतली काळी फट

त्या काळात मी बकऱ्याचा गुडघा पिशवीत घालून एसटीनं फिरायचे. नायलॉनची पिशवी, आत केळीच्या पानात गुंडाळलेला मागचा पाय, आणि वर संघटनेची पत्रकं. भुसावळच्या खाटीकचाचांकडून सकाळी पाय घ्यायचा आणि मिळेल ती गाडी पकडून रावेरकडे निघायचं. चाचा प्रत्येक वेळी विचारायचे, "लोग गोश्त ले जाते हैं, बेटी, तू जोड़ ले जाती है. घर में कोई बीमार है क्या?"

"पूरा तालुका बीमार है, चाचा."

एकदा कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता पिशवीकडे बोट दाखवलं. "ताई, काय आहे त्यात? खालून ओघळतंय."

"गुडघा."

"कोणाचा?"

"बकऱ्याचा."

"मग मांडीवर घ्या. सीटखाली ठेवू नका, लोकांचे पाय असतात तिथं."

संपादकांनी कामातल्या गमतीजमती लिहा म्हणून कळवलं आहे. गमती होत्या. त्या आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्या उरत नाहीत.

माझं वय अजून तिशीच्या आतलं आहे, त्यामुळं आठवणी लिहायचा मला तसा अधिकार नाही. शिकून डॉक्टर झाले नाही, नर्सही नाही. मजुरांच्या संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती, आणि माझं सगळं शिक्षण पत्रकं लिहिण्यात झालं. रेशनवर, पाण्यावर, किमान वेतनावर. पत्रकाची एक शिस्त असते: दोषी कोण, हे चौथ्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. चार-पाच वर्षांपूर्वी, नव्वदच्या आसपास, संघटनेनं ठरवलं की मजुराच्या अंगाची काम करून जी झीज होते, तिच्यावर मोहीम घ्यायची. जळगावचे एक डॉक्टर रविवारी आमच्यासाठी वेळ द्यायचे. सांधा कसा चाचपायचा, माणूस खाली बसताना आणि उठताना कुठं पाहायचं, हे त्यांनी मला शिकवलं. बकऱ्याच्या पायाची युक्ती त्यांचीच. "चित्र दाखवाल तर लोक मान डोलावतील," ते म्हणाले, "पाय दाखवाल तर पुढं सरकतील."

सांधा म्हणजे दोन हाडं एकमेकांना भेटतात ती जागा, असं शाळेत शिकवतात. ते खरं नाही. धडधाकट सांध्यात हाड हाडाला शिवत नाही. मी ब्लेडनं गुडघ्याभोवतीची पिशवी उघडायचे, की आतून कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत पाणी यायचं. हाडांच्या टोकांवर पांढरा, चकचकीत थर. शहाळ्याच्या मलईसारखा दिसतो, पण बोट लावलं की घट्ट. ती कूर्चा. मटण खाणाऱ्यांना ती ठाऊक असते, दाताखाली करकर वाजते. दोन हाडांच्या मधे आणखी दोन गाद्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या. वजनाचा दणका आधी त्या घेतात. हाडाला हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोऱ्या म्हणजे अस्थिबंध, आणि मांसाला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या वेगळ्या, त्या कंडरा. बकऱ्याच्या गुडघ्यात हे सगळं जिथल्या तिथं असतं. फरक इतकाच की बकरा ओझं वाहत नाही.

कूर्चेपर्यंत रक्त जात नाही. वजन पडलं की ती दबते, वजन उतरलं की फुगते, आणि या दबण्या-फुगण्यात भोवतालच्या पाण्यातून तिचं पोट भरतं. म्हणून चालणं तिला हवंच असतं. पण एकदा ती फाटली, की कातडीसारखी भरून येत नाही. मधल्या गादीचंही बरंचसं तसंच.

माझे वडील रेल्वेत फिटर. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बेअरिंगच की."

"बेअरिंग बदलता येतं, बाबा."

"मग वेळेवर ग्रीस मारा."

"ग्रीस शरीर आपलं आपण मारतं."

"मग तुम्ही मीटिंग कशाला घेता?"

रावेरजवळच्या एका गावात मीटिंग चुकून माळकऱ्यांच्या आळीत ठरली. मी ओट्यावर पान उलगडलं आणि निम्मी माणसं उठून गेली. घरातल्या म्हाताऱ्या अक्का नाकाला पदर लावून बाहेर आल्या. "कशी वं पोरी तू, माणसाच्या दारात मेलेला पाय आणून राह्यली?" मी माफी मागून पान गुंडाळायला लागले. अक्का जागच्या हलल्या नाहीत. "माह्या गुडघ्यात बी असंच पाणी हाये का?" मी हो म्हटलं. "मंग दाखव. नाक मी दाबून धरते." त्या शेवटपर्यंत उभ्या होत्या. नंतर ओटा दोनदा धुतला म्हणे.

आता केळीच्या टोळ्यांकडे येते.

रावेर तालुक्यात केळी कापली की घड खांद्यावरून रस्त्यापर्यंत येतात. ट्रक बागेत शिरत नाही. टोळीतली माणसं खांद्यावर गोणपाटाची घडी टाकतात, तिच्यावर घड, आणि बागेतून ट्रकपर्यंत चालत राहतात. बागेत कायम ओल. खाली कुजलेली पानं, मधेच पाट, पायात चप्पल टिकत नाही म्हणून सगळे अनवाणी. कच्ची केळी दिसायला दणकट, पण घड आपटला की आतला गर चिरडतो आणि पिकताना तिथं काळं पडतं. ट्रकपाशी व्यापाऱ्याचा माणूस उभा असतो. आपटलेला घड तो बाजूला काढतो आणि सगळ्या टोळीला ऐकवतो.

म्हणून टोळीत नवा माणूस घ्यायची एक रीत होती. त्याला 'पाट चालवायचे'. खांद्यावर घड देऊन पाटाच्या निसरड्या काठावरून चालायला लावायचं, आणि बाकीच्यांनी त्याच्या पायाखाली पाणी मारायचं, मागून ओरडायचं, हसवायचं. पडायला कुणाची हरकत नव्हती. माणूस पडला आणि घड वर राहिला, तर तो टोळीत आला. घड सुटला तर चहा पाजून त्याला घरी लावायचे.

मी गुडघ्याच्या तक्रारी ऐकत फिरले तेव्हा ध्यानात आलं की सगळे एकाच पद्धतीनं पडले होते. पाऊल चिखलात रुततं, जागेवरून हलत नाही. वरचं अंग ओझ्यासकट वळतं. अशा वेळी तुम्ही-आम्ही हातातलं टाकून देऊ. ही माणसं टाकत नाहीत, न टाकायचीच त्यांची परीक्षा झालेली असते. मग तो पीळ अंगात कुठं तरी सामावावा लागतो. तो पीळ गुडघा घेतो.

मी पत्रक काढलं: 'घड टाका, गुडघा वाचवा.' चौथ्या ओळीत व्यापारी होता. पत्रक चांगलं झालंय असं मला वाटत होतं.

ज्या टोळीची ही गोष्ट आहे, तिचे मुकादम तुळशीरामनाना. साठीकडे झुकलेले, सडसडीत, बोलायला कमी. मुकादम असूनही स्वतः घड उचलायचे. पत्रक त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि मला बागेच्या बांधावर गाठलं.

"ताई, हे तू लिहिलं?"

"हो नाना."

"कडेवर लेकरू घेऊन तुहा पाय घसरला, तर लेकरू टाकून देशील?"

"केळी म्हणजे लेकरू नाही, नाना."

"ते त्या व्यापाऱ्याले जाऊन सांग. मले नको सांगू."

याच टोळीत हिरामणभाऊ होते. आमच्याच समाजातले, भेटल्यावर आधी जयभीम, मग चेष्टा. टोळीतला सगळ्यात भरवशाचा गडी. त्यांच्या हातून कधी घड सुटला नव्हता, आणि ते ही गोष्ट लोकांना सांगायला लावायचे. एका हिवाळ्यात पाट ओलांडताना त्यांचा पाय रुतला आणि ते फिरले. घड वर राहिला. त्याच पायावर तो त्यांनी ट्रकपर्यंत नेला, हवाली केला आणि मग खाली बसले. गुडघा सुजला. काही दिवसांनी सूज उतरली, ते परत कामावर आले. आणि तेव्हापासून गुडघा अडकायला लागला.

खाली बसून, ओझं घेऊन, उठता उठता वळलं की तो अर्ध्यात थांबायचा. सरळ होईना, वाकेना. मग ते पाय झटकायचे, कधी हातानं हलवायचे, आणि आतून कट्ट होऊन सुटायचा. सुटला की काही झालंच नव्हतं असा. दाराच्या चौकटीत खडा आला की दार जसं मधेच थांबतं, खडा निघाला की हलकं चालतं, तसं.

आता हे कोणाला पटवायचं? रावेरला एक्स-रे काढला, साफ. भुसावळला काढला, तोही साफ. दोन्हीकडे टेबलावर झोपल्यावर गुडघा लोण्यासारखा चालायचा. टोळीला विषय मिळाला.

"हिरामण्याचा गुडघा म्हणजे सिग्नल हाये. मर्जी झाली का पडते." गंगाराम म्हणायचा.

"परवा हळदीत नाचला तं नही अडकला."

"त्याले माहीत हाये ना, कुठी वजन हाये आन् कुठी नही."

हिरामणभाऊ हसायचे. हसून परत उचलायचे. दिवसात दोन-तीनदा मधेच उभे राहायचे, तेव्हा मागचा माणूस त्यांना वळसा घालून जाताना काही तरी बोलायचा. एक दिवस मी त्यांना म्हटलं, भाऊ, लोकांचं मनावर घेऊ नका.

"लोकाहीचं नही घेत," ते म्हणाले. "नाना काही बोलत नही. पण परवा माह्याकडे पाह्यलं त्याहीनं. मी खोटं करून राह्यलो असं समजून पाह्यलं. ते मले खपत नही, ताई."

त्यांना हवं होतं ते एवढंच. काम जायची भीती तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती. नानांनी त्यांना खरं समजावं, इतकंच.

आमच्या रविवारच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गादी फाटलेली असणार, पण अडकलेला गुडघा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही. धुळ्याला त्यांच्या ओळखीचे एक हाडांचे डॉक्टर होते, गुडघ्यावर हात बसलेले. त्यांच्याकडे जायचं ठरलं. मी नानांना म्हटलं, त्यांच्याकडून लिहून आणू. नानांनी मान हलवली. "कागद कुठलाही आणता येतो. मी येतो संगं. मी डोळ्याहीनं पाहीन." हिरामणभाऊंचा चेहरा उजळला. मला नानांचा राग आला होता, पण मनात म्हटलं, येऊ द्या. सगळ्या टोळीपुढं साक्ष द्यायला यांच्याइतकं वजन कुणाचं नाही.

पहाटेच निघालो. भुसावळ, जळगाव, तिथून धुळे. नाना खिडकीशी बसले होते. एरंडोल-पारोळ्याकडे कापसाची शेतं लागली तशी त्यांनी बराच वेळ पाहिली. "ह्या लोकाहीचं बरं हाये," म्हणाले. "कापूस आपटत नही."

दवाखान्यात रांग होती. शेजारी एक आजीबाई, गावाकडची, काठी मांडीवर घेऊन बसलेली.

"कोणता गाव शे तुमना?"

"रावेर."

"इतला लांबतून गुडघा दखाडाले? फोटो काढा का?"

हिरामणभाऊ म्हणाले, "काढला आजी. त्यात काही नही."

"मंग तुले काहीच नही. मना फोटोमा बठ्ठं शे, तरी मी चालस."

बठ्ठं म्हणजे सगळं. नाना हसले. त्या दिवसातलं ते एकच हसू.

डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि नानांना जवळ बोलावलं, मला नाही. "आबा, हे वरचं हाड, हे खालचं. आणि मधे ही काळी फट दिसते ना? गादी, कूर्चा, दोऱ्या, सगळं त्या फटीत असतं. फोटोत हाड उमटतं, हे उमटत नाही. फोटो चांगला म्हणजे हाड चांगलं, एवढंच."

"मंग तो रावेरवाला काही नही म्हणे."

"हाडाला काही नाही, हे त्याचं बरोबर आहे."

मग त्यांनी हिरामणभाऊंना खाली बसायला, उठायला, वळायला लावलं. गुडघा सुतासारखा सरळ चालला. पुन्हा केलं. काही नाही. हिरामणभाऊंच्या कपाळावर घाम आला. माझ्याही.

नाना म्हणाले, "मोकळ्या हातानं नही अडकणार, साहेब. वजन पाहिजे."

पाय मोडलेल्या रोग्याला खाटेवर ताण देतात, त्यासाठी दवाखान्यात वाळूच्या पिशव्या असतात. डॉक्टरांनी दोन मोठ्या पिशव्या एकत्र बांधून मागवल्या. नानांनी स्वतःचं उपरणं घडी करून हिरामणभाऊंच्या खांद्यावर टाकलं. हिरामणभाऊ खाली बसले. रोज सकाळी बागेत ठेवतात तसं नानांनी ते ओझं त्यांच्या खांद्यावर ठेवलं, सारखं केलं आणि हात काढून घेतला. "ट्रक तिकडे हाये," दाराकडे बोट दाखवून म्हणाले.

हिरामणभाऊ उठले, दाराकडे वळले, आणि अर्ध्यात थांबले.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. गुडघा वाकलेला, एका पायावर सगळा भार, आणि खांद्यावर वाळू. डॉक्टर पुढं झाले. "टाक ती पिशवी. खाली टाक."

त्यांनी टाकली नाही. दात आवळून तसेच उभे राहिले. डॉक्टर पुन्हा म्हणाले, अरे वाळू आहे ती, टाक. शेवटी नानांनी दोन्ही हातांनी पिशव्या उतरवून घेतल्या आणि आवाज न करता फरशीवर ठेवल्या.

त्यांना तसंच धरून टेबलावर झोपवलं. डॉक्टरांनी नानांचा हात घेतला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला, दोन हाडांच्या मधल्या खाचेवर ठेवला. "लागतंय का काही?" नानांनी नाही म्हणून मान हलवली. मग डॉक्टरांनी पोटरी धरून पाय थोडा वाकवला, बाहेर फिरवला, आणि सरळ केला. कट्ट. मला ऐकू आला. नानांना तळव्याखाली लागला असणार. त्यांनी हात झटकन मागं घेतला, विस्तवाला लागल्यासारखा.

"गादी फाटून तिची पट्टी सुटलीय," डॉक्टर म्हणाले. "ती मधे दुमडून बसते. ऑपरेशन करून काढावी लागेल."

हिरामणभाऊ उठून बसले. "काढल्यावर घड उचलता येईन का?"

"चालशील, फिरशील, बसशील-उठशील. घड नको."

"आन् नही काढली तं?"

"तरी नको. ती जितक्या वेळा अडकते तितक्या वेळा आतला गुळगुळीत थर खरवडते. मग पुढं गुडघाच जाईल."

डॉक्टरांचं एकही अक्षर चुकीचं नव्हतं. मी आजही त्यांच्या जागी असते तर हेच सांगितलं असतं. आणि नाना तिथंच उभे होते.

परतीच्या गाडीत हिरामणभाऊ खुशीत होते. पारोळ्याला उतरून त्यांनी भजी घेतली, नानांच्या हातात पुडा दिला. "आता सांगा त्या गंगारामले. सिग्नल म्हणे." मीही खुशीत होते. मनात पत्रक लिहून होत आलं होतं. इतक्या दिवसांनी एका मजुराचं दुखणं नुसतं त्याच्या तोंडाचं राहिलं नव्हतं. पाहिलं होतं, हातानं चाचपलं होतं, आणि ते ज्यानं चाचपलं तो मुकादम होता. नानांनी भज्यांना हात लावला नाही. जळगाव गेलं. नशिराबादच्या फाट्यावर गाडी थांबली, माणसं उतरली, आणि त्या थांबलेल्या गाडीत नाना बोलले.

"हिरामण, तू खरा हायेस. मी सगळ्याहीसमोर सांगीन."

"हां नाना."

"आन् उद्यापासून घड नको उचलू."

हिरामणभाऊंना आधी ती थट्टा वाटली. "पट्टा बांधून उचलीन ना. ताई सांगते पट्टा बांधायचा."

"मी हात लावून पाह्यलं, बाप्पा. जवळोक माहीत नव्हतं, तवळोक ठेवत गेलो तुह्या खांद्यावर. आता कसा ठेवू?"

मी मधे पडले. म्हटलं, नाना, त्यांना हलकं काम द्या, ट्रकमधे पानं अंथरायचं द्या. नाना म्हणाले, तिथं दोन म्हातारे आहेत, त्यांना काढू का. मी व्यापाऱ्यावर गेले, सरकारवर गेले. नाना ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "ताई, तूच तं दाखवलं मले."

नानांनी शब्द पाळला, दोन्ही. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी जमवून त्यांनी धुळ्याला जे पाहिलं ते सांगितलं, आणि ज्यांनी थट्टा केली होती त्यांना हिरामणभाऊंच्या घरी चहाला जायला लावलं. गंगाराम गेला, चहा पिऊन आला. आणि हिरामणभाऊंच्या जागी दुसरा माणूस आला. पाट चालवून.

मी गप्प बसले नाही. नानांना घेऊन व्यापाऱ्याच्या माणसाकडे गेले, पानं अंथरायला एक गडी जास्त घ्या म्हटलं. तो म्हणाला, टोळी तुमची, माणसं तुमची, आम्हाला ट्रक भरलेला पाहिजे. तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा नेला. तिथल्या साहेबांनी विचारलं, हा माणूस कोणाकडे कामाला होता? त्याची हजेरी कुठं लागत होती? कुठंच लागत नव्हती. ज्या कामाला हजेरी नाही, त्या कामात इजाही होत नाही. गावोगाव मी हे वाक्य बोलले, टाळ्या घेतल्या. ऑपरेशन फुकट होण्याची सोय आमच्या डॉक्टरांनी केली होती, पण त्यानंतर काही आठवडे घरात बसून राहायची सोय कुणी करू शकलं नाही. संघटनाही नाही. ते राहून गेलं.

हिरामणभाऊ बऱ्हाणपूरला मेहुण्याकडे गेले, कापडाच्या लूमवर. उभं राहायचं काम, उचलायचं नाही. सणावाराला घरी येतात. गुडघा अजून तसाच आहे म्हणतात, कधी कधी अडकतो.

ते गेल्यावर मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या पत्नी मंगलवहिनी धान्य पाखडत होत्या. बस म्हणाल्या, पाणी दिलं. रागावल्या असतील असं मनाशी धरून गेले होते, तशा रागावलेल्या नव्हत्या. सुपातलं धान्य वरखाली करत सहज म्हणाल्या, "लोक त्याहीले खोटारडा म्हणत व्हते ना ताई, तवा सांजेले घरी तं येत व्हते."

मी पाणी पिऊन निघाले. वाटेत मनाशी विचारत राहिले. हिरामणभाऊंनी खोट्यात राहायला हवं होतं का? नाही. गुडघा खरवडत राहू द्यायला हवा होता का? तेही नाही. नानांनी डोळे मिटून ओझं ठेवत राहायला हवं होतं का? मग त्यांच्यात आणि व्यापाऱ्यात फरक काय. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, आणि मधे जी फट होती तिच्यात एक माणूस गेला. मोर्चे, निवेदनं, सभा, हे सगळं मी पुन्हा करेन, आणि करतेच आहे. दुखण्याची रजा आणि हलकं काम मिळाल्याशिवाय मजुराचं दुखणं शोधून काढणं ही अर्धीच सेवा आहे. आणि या अर्ध्या सेवेत दुसऱ्या अर्ध्याची किंमत रोगी भरतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, एवढं मात्र खरं.

गेल्या साली सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका बागेत गेले होते. दुसरीच टोळी, आमची ओळख नवी. दुपारची सुट्टी होती, माणसं बांधावर बसून भाकरी खात होती. मी मोहिमेचं सांगितलं आणि विचारलं, कुणाचा गुडघा दुखतो का, अडकतो का.

कुणी वर पाहिलं नाही. मग त्यांच्यातला एक पोक्त माणूस म्हणाला, "नही ताई. आमच्यात सगळ्याहीचे गुडघे चांगले हायेत."

"एकाचाही दुखत नाही?"

"आम्ही ऐकलं ना तुमचं. तुळशीरामनानाच्या टोळीतला तो माणूस गेला व्हता ना तुमच्या संगं धुळ्याले."

जेवणं झाली, माणसं उठायला लागली. कडेला बसलेल्या एका गड्यानं उठायच्या आधी पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवून ठेवलं, मांडीवर तळवा दाबला, अर्ध्यात क्षणभर थांबला, पायाला चिकटलेलं पान झटकावं तसा पाय हलकेच झटकला आणि मग सरळ झाला. इतकं सफाईनं, की शेजारच्याला कळलं नसतं. मला कळलं, आणि मला कळलंय हे त्याला कळलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात, नुसती वाट पाहणं होतं, की ही आता काय करते.

"निघते मी," मी म्हटलं. "गाडीची वेळ झाली."

"रस्त्यापर्यंत येतो ना, ताई," तो म्हणाला. आणि ट्रक उभा होता तिथपर्यंत माझ्या पुढं पुढं, मुद्दाम भरभर चालत आला.